रविवारचा शहाणा कुत्रा

रविवारी मी पुलगावला गेले की कुत्रा दारात यायचा, पिशवीला नाक लावायचा, दोनदा शेपूट हलवायचा आणि आईच्या खाटेखाली जाऊन निमूट पडायचा. दिवसभर त्याची काही तक्रार नाही. वाढलं तर जेवायचा, उशीर झाला तर वाट पाहायचा. आमच्या नात्यातली कितीतरी माणसं एवढी शहाणी नाहीत. आई मात्र मी चप्पल काढायच्या आत सुरू व्हायची.

"आता पाह्य कसा साधुबुवा बनून बसला. तू आली का असाच राह्यते हा. उद्या ये, मंग समजन तुले याचे गुण."

उद्या म्हणजे सोमवार. सोमवारी मी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात, लॅबमध्ये, लोकांचं रक्त नळ्यांत भरत असते. सहा दिवस ते आणि सातव्या दिवशी पुलगाव. नवरा गेल्यापासून मी घरात एकटी, मुलगी लग्न होऊन दूर गेली. आई तिकडे एकटी, मी इकडे एकटी, आणि मधे दर आठवड्याची ही ये-जा. "आई, चल माझ्याकडे" हे म्हणून म्हणून माझ्या जिभेला घट्टे पडले. तिचं उत्तर ठरलेलं, "पोरीच्या घरी राह्यत नसतात वं." जणू मी तिला हॉटेलात ठेवणार होते. खरं सांगते, मी दमले होते. रविवारी सकाळी डोळा उघडला की आधी आईची आठवण येत नसे, आधी चीड येई, मग आई आठवे.

त्यात हा कुत्रा. तो मूळचा आमचा नाही. माझा मामा वडनेरला शेती करायचा, त्याचा हा कुत्रा. मामा गेला, मामेभावानं शेती ठेक्यानं दिली, घराला कुलूप लावलं आणि तो नागपूरला परतला. मामाच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेल्यावर आई पुन्हा एकदा वडनेरला गेली, तेव्हा कुत्रा त्या कुलपासमोर बसलेला. आईनं कोणाला विचारलं नाही, टेम्पोवाल्याला म्हणाली, याले बी घे. ऐन मे महिना होता. मी फोनवर कपाळाला हात लावला. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतःचे गुडघे सांभाळवत नाहीत, आणि आता हे. "माह्या भावाचा आहे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

उन्हाळा बरा गेला. पावसाळाही गेला. दिवाळीनंतर मात्र रोज दुपारी लॅबमध्ये आईचा फोन यायला लागला. आज त्यानं दाराची खालची फळी ओरबाडली. आज गादी फाडून घरभर कापूस केला. आज स्वयंपाकघरात मुतला, तेही पिठाच्या डब्यापाशी. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या तर त्यांच्या अंगावर धावला, पदर दातात धरून फाडला. काकू दुसऱ्या दिवसापासून साखर दुसरीकडून मागायला लागल्या. "दिवाळीच्या फटाक्यानं बिथरला असन, होईन सरका," असं आधी आईच म्हणाली. पण दिवाळी सरून महिने झाले, आणि तो काही सरळ होईना. आई म्हणायला लागली, "माजला आहे. माह्या भावानं लाडावून ठेवला." मग ती त्याला रागवायची, बांधायची, उपाशी ठेवायची. आणि रविवारी मी गेले की हा पुन्हा साधुबुवा.

मी काय समजावं? मी आईवरच संशय घेतला. दवाखान्यात रोज पाहते मी, म्हाताऱ्या माणसांचं कसं होतं ते. दार आधीच मोडकं असेल, गादी उंदरानं कुरतडली असेल, गॅसवर दूध उतू गेलं असेल, आणि नाव कुत्र्याचं. एकदा मी तिला तसं बोलून दाखवलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी येडी झाली, असं म्हणून राह्यली का तू?" मी नाही म्हटलं, पण मला तसंच वाटत होतं आणि तिला ते कळलं. मनातल्या मनात मी हिशेबही मांडला होता. कुत्रा कुठंतरी देऊन टाकायचा, घराला कुलूप लावायचं, आणि आईला, ती हो म्हणो की नाही, सावंगीला आणायचं. आईला तिचं घर आणि तिच्या भावाचा कुत्रा दोन्ही गमवावं लागणार होतं, आणि मला ते तेव्हा फार मोठं वाटत नव्हतं.

तरी एकदा ड्यूटी संपल्यावर वर्ध्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. शांत माणूस. त्यांनी कुत्रा न पाहता औषध द्यायला नकार दिला, पण प्रश्न नीट विचारले. कधी करतो? दुपारी. रोज? रविवार सोडून. एकटा असतो का? नाही, आई घरात असते. काही आवाज होतात का आसपास, बांधकाम, गिरणी, डीजे? मी म्हटलं, थांबा, आईलाच विचारते. तिथूनच फोन लावला.

"आवाज?" आई म्हणाली. "कायचा आवाज? इथं तर दुपारी चिडीचूप राह्यते बाप्पा."

मी डॉक्टरांना सांगितलं, काही नाही, फार शांत वस्ती आहे. मी तिथंच जन्मले, तिथंच लहानाची मोठी झाले, मला वस्ती माहीत होती. डॉक्टर म्हणाले, मग कंटाळा असेल, जागा बदलल्याचं दुःख असेल. मारू नका, फिरवा, चघळायला हाडूक द्या. मी ते सगळं आईला फोनवर सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पुढच्या आठवड्यात आईचा फोन, "हाडूक चघळून झालं. आता दार चघळून राह्यला."

मग जानेवारीत ती पडली. कुत्र्याला अंगणातल्या पेरूच्या झाडाला बांधायला नेत होती, त्यानं एकदम हिसका दिला, साखळी हाताला गुंडाळलेली, आई फरशीवर आदळली. मनगट मोडलं. काकूंनीच तिला दवाखान्यात नेलं, आणि मला फोन केला तेव्हा त्यांनी पदर फाडल्याचा राग कुठंही काढला नाही. मी रजा टाकली. जाताना गाडीतच फोनवर एकाशी बोलणं पक्कं केलं. देवळीकडे त्याच्या कोंबड्यांच्या शेड होत्या, त्याला राखणीला कुत्रा हवा होता. साखळीनं बांधून ठेवीन म्हणाला. मी म्हटलं ठेवा. गुरुवारी येऊन घेऊन जा.

आईला सांगितलं तर ती प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत बसली. मी जिंकले होते आणि मला काही बरं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी तिला आंघोळ घातली, वेणी घातली, दुपारी वरणभात कालवून तिच्यासमोर बसले. ती डाव्या हातानं जेवायला तयार नव्हती आणि माझ्या हातानं जेवायची तिला लाज वाटत होती, त्यामुळे प्रत्येक घासाला वाद. कुत्रा खाटेखाली. बोलता बोलता आई क्षणभर थांबली, मग पुढं बोलायला लागली. आणि कुत्रा खाटेखालून असा सुटला की खाट सरकली. त्यानं दारावर अंग टाकलं, नखांनी फळी ओरबाडायला लागला, तोंडाला फेस, मागे मुताची रेघ.

"पाह्य," आई म्हणाली, अगदी थंडपणे. "झालं सुरू."

मीही तेच पाहिलं जे ती पाहत होती, एक माजलेला कुत्रा. मी उठले, दाराशी काढून ठेवलेली चप्पल उचलली, आणि पाठीत हाणली. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. मला वाटलं होतं चावेल. तो दारालाच चिकटून राहिला. थोड्या वेळानं थरथरत परत खाटेखाली गेला. मी पोतेरं घेऊन पुसायला बसले आणि आईवर, कुत्र्यावर, वडनेरवर, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं.

आई तोवर उठली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, ती तिरपी झाली होती. तिनं बऱ्या हातानं ती सरळ केली.

"रोजच वाकडी होते मा ही," ती म्हणाली. "खिळा बदलला, दोरी बदलली. काऊन होते काय मालूम."

मी पोतेरं हातात धरून तसबिरीकडे पाहत बसले. मग मांडणीकडे पाहिलं. आमच्या वस्तीत कुठल्याच घरी काचेची बरणी फळीच्या काठाला ठेवत नाहीत. लहानपणी ठेवली तर मार बसायचा. का, ते कोणी सांगत नसे, आम्हीही विचारत नसू. शाळेत गुरुजी बोलता बोलता थांबायचे, खडू फळ्यापासून दूर धरायचे, आणि मग वाक्य पुढं न्यायचे. आत्ता आई थांबली होती तसेच. आम्ही सगळेच थांबायचो. का थांबतो हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

पुलगावात लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे; डेपोवाले मुदत संपलेला दारूगोळा दूर माळावर नेऊन फोडतात. सुट्टीच्या दिवशी नाही. पावसाळ्यात नाही. पावसानंतर, कोरड्या दिवसांत, दुपारी. आम्ही त्याच आवाजात जन्मलो, त्याच आवाजात पाळण्यात झोपलो. मी सावंगीला राहून इतकी वर्षं झाली, तरी घरात पाय ठेवला की माझे कान पुन्हा पुलगावचे होतात. आत्ता तो बार झाला होता, घर हललं होतं, तसबीर वाकडी झाली होती, आणि खोलीतल्या दोन बायकांनी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एकट्या कुत्र्यानं. तो वडनेरचा, कापसाच्या शेतात वाढलेला. मे महिन्यात आला तेव्हा घरात दिवसभर कुलर घरघरत होता, त्या आवाजाखाली बाकी सगळं दबून गेलं असणार.

"आई," मी म्हटलं, "बम फुटला ना आता?"

"कोणता बम?"

"डेपोचा."

"थो होय?" आई म्हणाली. "थो तर फुटतच राह्यते."

मग पुढचा फुटला. या वेळी मी कान लावून बसले होते म्हणून ऐकू आला, आधी पायांखालून, मग भांड्यांतून, मग कानांतून. कुत्रा पुन्हा दारावर गेला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते आम्ही दोघींनी मिळून दिलं होतं. मी माझी चप्पल कोपऱ्यात सरकवली.

"भेत होता थो," ती म्हणाली. "भेत होता, अन् मी त्याले लाटण्यानं मारलं. माह्या भावानं कधी हात नाई लावला त्याले." ती खाली बसली, फरशीवर, त्या हातानिशी. तिला उठवताना माझी कंबर धरली.

गुरुवारी कोंबड्यांवाला आला तेव्हा आई दारात उभी होती. "नाई देत," एवढंच म्हणाली. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला." मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं, आवाज झाला की त्याला ओढून बाहेर काढू नका, समजूतही घालू नका, त्याला लपू द्या. अंधारी जागा द्या, दुसरा एकसारखा आवाज चालू ठेवा. मोबाईलवर असाच आवाज अगदी बारीक लावा, त्याच वेळी खायला द्या, रोज किंचित वाढवा. महिने लागतील. पण रोज खरा आवाज होत राहिला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, हेही सांगितलं.

तरी आम्ही करून पाहिलं. ऐन थंडीत कुलर चालू. पाणी न भरता, नुसता पंखा. आई दोन चादरी आणि गोधडी घेऊन खाटेवर कुडकुडत बसलेली, खाटेखाली कुत्रा, आणि मी बारीक आवाजातला मोबाईल आणि पोळीचे तुकडे घेऊन जमिनीवर पालथी. काकू येऊन पाहून गेल्या. "थंडीत कुलर?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हाव काकू, उकडून राह्यलं." लहानसहान बार कुलरखाली दबले. मोठा झाला की पुन्हा दार, पुन्हा नखं. एका दुपारी त्याच्या पंजातून रक्त आलं. आईनं स्वतःच्या लुगड्याचा तुकडा फाडून बांधला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या घरी आवाज नाई येत ना?"

मी नाही म्हटलं.

"मंग चाल."

एवढी वर्षं मी हात जोडत होते. दिवाळीला, आजारपणात, नवरा गेला तेव्हा. माझ्यासाठी ती आली नव्हती. कुत्र्यासाठी आली. गाडी ठरवली तेव्हा तिनं आधी त्याचं भांडं घेतलं, मग त्याचं पोतं, मग तसबीर, आणि शेवटी स्वतःची औषधं. मला वाईट वाटलं. आनंदही झाला, आणि तो जास्त होता, हेही सांगून टाकते.

सावंगीला कुत्रा आठवड्यातच बदलला. दार ओरबाडणं नाही, मुतणं नाही. दुपारी चारी पाय वर करून झोपायचा. डॉक्टर पाहायला आले तेव्हा त्यांच्याच पायावर डोकं ठेवून बसला. मी कामावरून यायची तर घरात दिवा लागलेला, कणीक मळलेली, डाव्या हातानं मळलेली म्हणून ओबडधोबड, पण मळलेली. जिना चढताना मला कधी नव्हे ते हलकं वाटायचं.

बिघडली ती आई. दुपारी तिला झोप येईना. सकाळी बरी असायची, जेवण झालं की उठ-बस सुरू. गॅलरीत जा, आत ये, नळ तपास, गॅस तपास. मला लॅबमध्ये फोन, "किती वाजले?" घरात घड्याळ होतं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. रात्री माझ्याशी भांडण, कशावरूनही. म्हणायची, "इथं काही होतच नाई." मी म्हणायची, काय व्हायला पाहिजे? ते तिला सांगता यायचं नाही. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, आणि आई वाळत चालली. मला वाटलं लेकीच्या घरचं पाणी तिला पचत नाही. तिच्या त्या जुन्या हेक्याचा मला राग यायचा, आणि रागावण्याचीही आता दमणूक व्हायची.

एका सुट्टीच्या दुपारी मी घरी होते. खालच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम निघालं होतं. ट्रकनं लोखंडी सळया एकदम खाली टाकल्या. केवढा आवाज! खिडकीच्या काचा वाजल्या. कुत्रा उडी मारून माझ्या पलंगाखाली. मी त्याच्यामागे न जाता, शिकवल्याप्रमाणे, जागच्या जागी बसले. आणि आईकडे पाहिलं. गॅलरीच्या दाराशी ती उभी होती. तिनं एक मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले, येऊन सोफ्यावर आडवी झाली. बघता बघता तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात छातीवर. सावंगीला आल्यापासून दुपारची तिची ती पहिली झोप.

पलंगाखाली एक थरथरत होता आणि सोफ्यावर एक घोरत होती. मी दोघांच्या मधे बसून होते. कितीतरी वेळ मी असं काही पाहिलंच नाही, असं स्वतःला सांगत राहिले. पण कुत्र्याच्या बाबतीत मी एकदा न ऐकल्याचं करून बसले होते. पुन्हा तेच आईच्या बाबतीत करायला मन धजेना.

ती उठली तेव्हा मी विचारलं, "आई, जायचं का पुलगावले?"

तिनं आधी पलंगाखाली पाहिलं. "अन् थो?"

"तो इथं राहील."

ती नाही म्हणेल असं मला वाटत होतं. नाही म्हणावं असंही वाटत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी कुठं ठेवली ते विचारलं.

निघायच्या दिवशी ती त्याच्यापाशी बसली. त्याच्या कपाळावर हात फिरवत मामाच्या, शेताच्या काय काय गोष्टी सांगत होती. त्याला झोप लागेपर्यंत बसली, मग चपला हातात घेऊन जिना उतरली. मी तिला घरी पोचवलं, झाडलोट केली, दूध आणून ठेवलं, काकूंना सांगून आले. मी निघाले तेव्हा तसबीर भिंतीवर लागली होती आणि आई खाटेवर पडून माझ्याशी बोलता बोलताच झोपी गेली होती. दुपारचे बार चालू होते.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. दार उघडलं तर कुत्रा समोरच. त्यानं माझा हात हुंगला, पिशवी हुंगली, मग माझ्या बाजूनं निघून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला आणि खाली पाहायला लागला. मी हाक मारली. आला नाही. भांड्यात भात कालवून आणला, त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सकाळपासून मी उभी होते, पाय भरून आले होते. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले.

"आई नाई येत आता," मी त्याला म्हटलं. "काय पाहून राह्यला? मलेबी पाह्यजे होती."